पशुवैद्यकीय दवाखान्यातील माणसांचे नियोजन: डॉक्टर फेरीवर असताना दवाखाना कोण चालवतो?

माणसांच्या दवाखान्यात रुग्ण डॉक्टरकडे येतो. जनावरांच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटे असते. बसलेली गाय, अडलेली म्हैस किंवा पोट फुगलेला बैल दवाखान्यात आणता येत नाही, डॉक्टरलाच गोठ्यावर जावे लागते. त्यामुळे ग्रामीण भागातील पशुवैद्यकाचा अर्धा-अधिक दिवस मोटारसायकलवर आणि गोठ्यात जातो. या काळात दवाखान्यात फोन कोण उचलतो, पशुपालकाला काय सांगतो, फ्रिजकडे कोण पाहतो आणि औषध कोण काढून देतो, यावर अनेक जनावरांचे बरे-वाईट ठरते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर या दूधपट्ट्यांत खासगी पशुवैद्यक, सहकारी दूध संघांची पशुवैद्यकीय सेवा आणि शासकीय दवाखाने शेजारी-शेजारी काम करतात. तिन्हींची रचना वेगळी असली तरी अडचण सारखीच आहे. डॉक्टर चांगला असतो, पण त्याच्यामागे कामाची घडी बसलेली नसते. दवाखाना चालवणारे पशुवैद्यक, दूध संस्थांचे पदाधिकारी, विस्तार कर्मचारी आणि आपला दवाखाना निवडणारे पशुपालक या सर्वांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे.

कोणी कोणते काम करायचे?

शासकीय रचनेत श्रेणी-१ दवाखान्याचा प्रमुख पशुधन विकास अधिकारी असतो. तो पदवीधर, नोंदणीकृत पशुवैद्यक असतो. श्रेणी-२ दवाखाना साधारणपणे सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक पाहतात. सोबत व्रणोपचारक आणि परिचर असतात. खासगी दवाखान्यात पदांची नावे नसतात. एक मदतनीस, एक कृत्रिम रेतन करणारा तंत्रज्ञ, फार तर औषधे आणि हिशेब पाहणारी एक व्यक्ती एवढाच संच असतो. अनेक ठिकाणी ही तिसरी व्यक्ती डॉक्टरांच्या घरातलीच असते.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारक पशुधन पर्यवेक्षकासारख्या व्यक्तींना राज्य शासनाच्या आदेशानुसार किरकोळ सेवा देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार ही त्यातली मुख्य कामे. मात्र तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेप्रमाणे करायची असतात. रोगनिदान, औषध लिहून देणे, शस्त्रक्रिया, आरोग्याचा दाखला, विम्यासाठी शवविच्छेदन अहवाल ही कामे डॉक्टरचीच.

प्रत्यक्षात ही सीमा हळूहळू पुसली जाते. मदतनीस चार-पाच वर्षे सोबत फिरतो, सलाइन लावायला शिकतो, मग डॉक्टर दूर असताना पशुपालकच त्याला गळ घालतो, "तुम्हीच लावा ना बाटली, रोज बघता तुम्ही." सर्वात मोठा धोका कॅल्शियमचा आहे. व्यायल्यानंतर दुग्धज्वराने बसलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम दिले की ती तासाभरात उठते, म्हणून हा उपचार सोपा वाटतो. पण ती बाटली शरीराच्या तापमानाइतकी कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, साधारण १० ते २० मिनिटांत सावकाश द्यावी लागते. घाईत सोडली तर हृदय बंद पडून गाय जागेवर मरते. मदतनिसाने शिरेतून कॅल्शियम द्यायचे नाही, हा नियम दवाखान्यात तोंडी न ठेवता लेखी लावावा. असा कागद भिंतीवर असेल तर मदतनिसालाही पशुपालकाला नाही म्हणणे सोपे जाते. त्याचे संरक्षण यातच आहे.

प्रत्येक माणसासाठी एका पानाचा कागद पुरतो. त्यावर तीन गोष्टी असाव्यात: तो स्वतः करू शकतो अशी कामे, डॉक्टरांना फोनवर विचारून करायची कामे, आणि कोणत्याही परिस्थितीत न करायची कामे. दर सहा महिन्यांनी तो कागद बदलावा, कारण माणूस शिकत जातो.

फोन हेच दवाखान्याचे दार

डॉक्टरांचा वैयक्तिक मोबाइल हाच दवाखान्याचा नंबर असेल तर अडलेल्या गाईत हात घातलेला असताना आलेले सहा फोन वाया जातात. दवाखान्याचा वेगळा नंबर असावा आणि कामाच्या वेळेत तो एका ठरलेल्या माणसाकडे असावा. फोन घेणाऱ्याला पशुवैद्यक शास्त्र येण्याची गरज नाही. त्याने ठरावीक प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि वहीत वेळेसह लिहायचे: गाव व वस्ती, कोणते जनावर, व्यायले कधी किंवा गाभण कितव्या महिन्याची, काय होते आहे व कधीपासून, उभे आहे की बसले आहे, वैरण खाते का, रवंथ करते का, शेण-लघवी कशी आहे, घरी काही औषध दिले का. शेवटचा प्रश्न पशुपालक टाळतात, म्हणून तो न चुकता विचारावा.

उत्तरांवरून फोनची तीन गटांत विभागणी करावी.

- ताबडतोब निघायचे: पोटफुगी, अडलेले वेत, मायांग बाहेर येणे, व्यायल्यानंतर जनावर बसणे, सर्पदंश, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधेचा संशय. ज्वारीचे कोवळे फुटवे किंवा युरिया खाल्ल्याचा फोन याच गटात येतो. त्यात तासाचाही उशीर परवडत नाही.
- आजच जायचे: कासदाह (दगडी), तापासह वैरण बंद, वार अडकणे, वासरांची हगवण. वासरू फार लहान असेल किंवा मान टाकत असेल तर ते पहिल्या गटात घ्यावे.
- वेळ ठरवून जायचे: गाभण तपासणी, वारंवार उलटणारी गाय, शिंगे जाळणे, जंतनाशक.

माजाचा फोन कोणत्याच गटात नीट बसत नाही, आणि तोच सर्वात जास्त येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून "माजावर आहे" एवढेच न लिहिता माज प्रथम कधी दिसला ती वेळ लिहावी. त्यावरून तंत्रज्ञाची फेरी आखता येते आणि इंधनही वाचते.

डॉक्टर पोहोचेपर्यंत काय करायचे आणि काय करायचे नाही, हे फोन घेणाऱ्याला पाठ असावे. बसलेल्या गाईला बाजूंनी पोती लावून छातीवर बसते ठेवावे, आडवी पडू देऊ नये आणि तोंडाने काहीही पाजू नये. गिळता न येणाऱ्या जनावराला पाजलेले तेल किंवा गुळपाणी फुप्फुसात जाते आणि मूळ आजारातून उठलेले जनावर न्यूमोनियाने जाते. पोटफुगीत जनावराचा पुढचा भाग चढाकडे करून उभे ठेवावे. मायांग बाहेर आले असेल तर स्वच्छ थंड पाण्याने धुऊन ओल्या स्वच्छ कापडात धरावे, कुत्री-कावळ्यांपासून राखावे आणि गाईला चालवू नये. पिशवी आत ढकलण्याचा प्रयत्न घरच्यांनी करू नये. दोन मिनिटांच्या या सूचनांनी वाचलेली जनावरे वहीत दिसत नाहीत, पण गावात त्यांची चर्चा होते.

डॉक्टर वेळेत पोहोचू शकत नसतील तर तसे स्पष्ट सांगून शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक किंवा शेजारच्या पशुवैद्यकाचा क्रमांक द्यावा. "येतो, येतो" म्हणत चार तास काढण्याने गिऱ्हाईक टिकत नाही. शेजारच्या गावातील डॉक्टरशी एकमेकांचे फोन घेण्याचा समझोता असेल तर दोघांनाही आठवड्यातून एक रात्र झोप मिळते.

न दिसणारी चूक: रेतमात्रा आणि शीतसाखळी

दवाखान्यातील बहुतेक चुका लगेच दिसतात. रेतमात्रा खराब झाल्याची चूक तीन आठवड्यांनी दिसते, जेव्हा गाय पुन्हा माजावर येते. तेव्हा कोणालाच कारण कळत नाही. दोष गाईला, खुराकाला किंवा वळूला दिला जातो आणि पशुपालकाचे २१ दिवस गेलेले असतात. त्या दिवसांचा चारा आणि लांबलेले वेत असा सगळा तोटा त्याचाच.

रेतमात्रा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवलेल्या असतात. नायट्रोजन सतत उडत असतो. कंटेनरमधील पातळी पट्टीने मोजून ठरलेल्या वारी नोंदवायची, हे काम एकाच नाव घेतलेल्या माणसाकडे असावे. "सगळे बघतात" असे ज्या वस्तूबद्दल म्हटले जाते ती कोणीच बघत नसते. कांडी शोधताना कॅनिस्टर कंटेनरच्या मानेच्या वर काढून गप्पा मारत उभे राहणे ही नेहमी दिसणारी सवय आहे. कांडी काही सेकंदांत उचलावी, ३७ अंशांच्या पाण्यात साधारण ३० सेकंद वितळवावी, पुसून गनमध्ये भरावी आणि लगेच वापरावी. पाण्याचे तापमान बोटाने न पाहता थर्मामीटरने पाहावे. खिशात किंवा तोंडात धरून कांडी वितळवणारा तंत्रज्ञ दिसला तर पशुपालकाने रेतन करू देऊ नये.

लसींचेही तसेच. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रिजमध्ये थर्मामीटर आणि दारावर तक्ता असावा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहावा. रात्रभर वीज गेली असेल तर ते लपवणाऱ्या माणसाला बोलणी बसणार नाहीत अशी व्यवस्था डॉक्टरांनी ठेवायला हवी. वीज गेल्याचे सांगितल्याबद्दल रागावणारा डॉक्टर पुढच्या वेळी खराब लस टोचतो आणि त्याला ते कळतही नाही.

रेतनाच्या नोंदीत बिल्ला क्रमांक, वळूचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रेतन करणाऱ्याचे नाव असावे. ६० ते ९० दिवसांनी गाभण तपासणी करून निकाल त्याच ओळीत लिहावा. महिन्याला ४० गाईंना रेतन केले आणि १६ गाभण ठरल्या, तर गर्भधारणेचे प्रमाण ४० टक्के. हा आकडा तंत्रज्ञनिहाय काढावा, पण दहा-बारा गाईंवरून कोणाला नावे ठेवू नयेत. काही वस्त्यांवर माज उशिरा कळतो, काहींकडे उलटणाऱ्या गाईच जास्त असतात, उन्हाळ्यात सगळ्यांचेच प्रमाण घसरते. तीन-चार महिने एकाच माणसाचा आकडा इतरांपेक्षा सतत खाली राहिला तर त्याच्यासोबत दोन दिवस फिरावे आणि त्याचे हात पाहावेत. कारण बहुधा वितळवण्यात किंवा वीर्य सोडण्याच्या जागेत सापडते.

औषधे कोण देतो?

"मागच्या वेळची बाटली द्या" असे म्हणत पशुपालक येतो आणि मदतनीस ती देतो. प्रतिजैविकांच्या बाबतीत हे बंद करायला हवे. डॉक्टरांनी तपासून किंवा निदान फोनवर बोलून लिहिल्याशिवाय प्रतिजैविक बाहेर जाऊ नये, आणि देताना चिठ्ठीवर दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही ते ठळक लिहावे. ही मुदत औषधानुसार बदलते, म्हणून ती बाटलीवरच्या माहितीपत्रकातून पाहूनच लिहावी. संकलन केंद्रात एका घराच्या दुधामुळे सगळ्या कॅनचे दूध नाकारले गेले तर त्याची भांडणे वर्षभर पुरतात.

डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. माणसांच्या मेडिकलमधून मोठी बाटली आणून वापरण्याची जुनी सवय काही मदतनिसांत अजून आहे. ती मोडणे डॉक्टरांचे काम आहे.

माणसांची सुरक्षितता

लाथ आणि शिंग यांची भीती सर्वांना असते. खरा धोका न दिसणाऱ्या आजारांचा आहे. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणाऱ्या मदतनिसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो. अधूनमधून येणारा ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम अशी लक्षणे असतात आणि महिनोन्‌महिने निदान होत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना दिली जाणारी ब्रुसेला लस जिवंत जंतूंची असते. ती टोचताना सुई स्वतःला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसालाही संसर्ग होतो. हातमोजे व चष्मा घालूनच हे लसीकरण करावे. सुई लागल्यास लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन कोणती लस होती ते सांगावे.

रेबीज त्याहून घातक. "गाईच्या घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय" असा फोन आला की मदतनीस सवयीने तोंडात हात घालतो. लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, अंगावर धावून येणे यांतले काही दिसले तर रेबीजचा संशय धरावा आणि हातमोज्यांशिवाय तोंडाला हात लावू नये. गोठ्यात फिरणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. तिचा खर्च दवाखान्याने करावा. पगाराच्या वाटाघाटीत हा विषय येताच कामा नये.

वापरलेल्या सुया न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. गोठ्यात वापरलेली सुई गोठ्यातच टाकून येणे ही सवय सर्वत्र आढळते. शेणात गेलेली सुई नंतर कोणाच्या पायात जाते, हे सांगायला नको.

पैसे, उधारी आणि मान

खासगी दवाखाने मोडतात ते बहुधा इथे. सेवेचे दर फलकावर लावलेले नसतील तर पशुपालक डॉक्टरशी नाही, मदतनिसाशी घासाघीस करतो. मग मदतनीस काही पैसे परस्पर घेतो, काही कामे परस्पर करतो आणि एक दिवस शेजारच्या गावात स्वतःच "डॉक्टर" म्हणून बसतो. पूर्ण दोष त्याच्या लोभाला देता येत नाही. रात्री दोनला उठून खोड्याला दोर बांधणाऱ्या माणसाला त्या रात्रीचे वेगळे पैसे मिळत नसतील, सुट्टी नसेल आणि पुढे जायची वाट नसेल, तर तो जाणारच. दर फलकावर, प्रत्येक कामाची पावती, रात्रीच्या फेरीचा ठरलेला भत्ता आणि आठवड्याची एक पक्की सुट्टी एवढे केले तरी निम्मी गळती थांबते, असे आमचे मत आहे. होतकरू मुलाला कृत्रिम रेतनाच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणाला पाठवावे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधील "मैत्री" प्रशिक्षण अशाच ग्रामीण तरुणांसाठी आहे. शिकून तो दुसरीकडे गेला तरी परिसरात एक अडाणी हात कमी झालेला असतो.

उधारी दूध बिलावर जोडलेली असेल तर वसुलीचे काम मदतनिसाकडे देऊ नये. ज्याने सकाळी पैसे मागितले त्याला संध्याकाळी गोठ्यात कोणी मोकळेपणाने काही सांगत नाही.

पशुपालकासमोर मदतनिसाला रागावू नये. त्याने चुकीचे बांधले असेल तर दोर आपण सोडवून पुन्हा बांधावा, बोलायचे ते परतीच्या वाटेवर बोलावे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे सर्वांनी बसून त्या आठवड्यात मेलेल्या जनावरांची उजळणी करावी: फोन कधी आला, निघालो कधी, पोहोचलो कधी, काय वेगळे करता आले असते. सुरुवात डॉक्टरांनी स्वतःच्या निर्णयापासून करावी. वहीत वेळा लिहिलेल्या असतील तरच हे होते, नाहीतर बैठकीचे रूपांतर भांडणात होते.

लसीकरणाच्या मोहिमेत माणसांची विभागणी

पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या, तर राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात सहा महिन्यांच्या अंतराने लाळ्या-खुरकूत अशी लसीकरणे होतात. एका दिवसात दोन-तीनशे जनावरे असतात आणि सगळी घडी याच दिवशी विस्कटते. चौघांची तुकडी सोयीची पडते: एक जनावर धरणारा, एक टोचणारा, एक बारा अंकी बिल्ला पाहून नोंद करणारा, आणि एक पुढच्या गोठ्यात जाऊन जनावरे बांधून घ्यायला सांगणारा. चौथा माणूस गावातलाच असावा. धरणारा आणि टोचणारा यांनी तासाभराने कामे बदलावीत, कारण दमलेल्या हाताने लस कातडीऐवजी केसांत जाते.

लस दिल्यावर एक-दोन दिवस दूध कमी होऊ शकते आणि टोचलेल्या जागी सूज येऊ शकते, हे टोचण्यापूर्वी सांगावे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते. शेवटचे जनावर झाल्यावर तुकडीने अर्धा तास वस्तीवरच थांबावे. क्वचित एखाद्या जनावराला तीव्र ॲलर्जी येते, त्यासाठी डॉक्टरांच्या पिशवीत ॲड्रेनालिन असावे. आजारी आणि तापलेली जनावरे वगळून त्यांची वेगळी यादी करावी आणि ती बरी झाल्यावर त्यांच्यासाठी फेरी ठेवावी. उरलेली उघडी बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.